एकाच हाताचे दोन जोड

सेवेतली बहुतेक प्रकरणं आता मला गुन्हा रजिस्टरातल्या नोंदींसारखी आठवतात: कोणतं कलम, किती आरोपी, निकाल काय. हे एक मात्र माणसांच्या चेहऱ्यांसकट लक्षात राहिलं. गुन्हा दाखल झाला कोकणातल्या माझ्या ठाण्यात आणि उलगडला दोहातल्या बिन महमूद भागात, एका उपाहारगृहाच्या टेबलावर. तिथे मी पोलीस अधिकारी नव्हतो, मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेलेला पाहुणा होतो. संबंधितांपैकी कोणाचंही नाव इथे देत नाही. ती माणसं आपापल्या कामाला लागली आहेत आणि त्यांना पुन्हा ठाण्यात आणण्याचं कारण नाही.

माझ्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. एका सोमवारी सकाळी हजेरी संपून अंमलदार बंदोबस्ताला निघत होते, तेव्हा तिशीच्या आसपासची एक बाई तक्रार अर्ज घेऊन आली. अर्ज कोणा वकिलाकडून लिहून आणलेला नव्हता, वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात होता. ठाण्यात येणाऱ्या अर्जांत असा अर्ज मी आधी वाचतो. त्यात भाषा कमी आणि माहिती जास्त असते.

तिचा नवरा पाइप वेल्डर होता. बारा वर्षं जहाजबांधणीच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या कामावर काढलेली. जवळच्या शहरात कार्यालय थाटलेल्या एका एजंटाने त्याला कतारमध्ये काम मिळवून दिलं. सोबत तिचा धाकटा भाऊही गेला. दोघांना एजंटाने पत्रं दिली होती आणि दोन्ही पत्रांवर हुद्दा ‘पाइप वेल्डर’ असा होता. प्रत्यक्षात कंपनीच्या करारावर दोघेही ‘हेल्पर’ निघाले. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, सगळं हेल्परच्या हिशेबाने.

“मग तिथे ते नेमकं काय काम करतात?” मी विचारलं.

“भाऊ पाइप घासतो,” ती म्हणाली. “आणि हे आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभे असतात. दुसरा वेल्डिंग करतो, तेव्हा ठिणगी कुठे पडते ते बघायचं. दिवसभर.”

“काम हलकं आहे म्हणायचं.”

“साहेब, गाडी पाठवून लोक त्यांना घेऊन जायचे. आता ते दुसऱ्याचं वाकडं वेल्डिंग बघत उभे राहतात. आणि सहा महिने हाताने काम केलं नाय तर त्यांचं कार्ड बाद होतं. चार महिने झाले.”

या कार्डाबद्दल मला तेव्हा माहिती नव्हती. नंतर खात्री करून घेतली. पाइप वेल्डरची पात्रता ठरावीक पद्धतीच्या कामाशी बांधलेली असते. सहा महिने त्या पद्धतीने काम केल्याची नोंद नसेल, तर ती संपते आणि पुन्हा चाचणी द्यावी लागते. हेल्परला अशी चाचणी देऊ कोण देणार? म्हणजे आणखी दोन महिन्यांनी हा माणूस कागदावर खरोखरच हेल्पर होणार होता. तिची घाई त्यासाठी होती.

परदेशी नोकरभरतीसाठी सरकारी परवाना लागतो. चौकशी केली तेव्हा एजंटाकडे तो नसल्याचं कळलं. मुंबईतल्या एका परवानाधारक संस्थेसाठी तो माणसं गोळा करत असे, आणि त्या संस्थेकडे मागणी होती ती दोन हेल्परची. वेल्डरची पत्रं त्याने स्वतःच छापली होती. फसवणूक आणि विनापरवाना भरती अशी कलमं लावून गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी पंचांसह त्याच्या कार्यालयाची झडती घेतली. संगणक, कोरी लेटरहेडं, शिक्के मिळाले. मांडणीवर वेल्ड केलेल्या पाइपांचे दोन तुकडेही होते, प्रत्येकी वीतभर लांब. एकावर पांढऱ्या रंगाने वेल्डरचं नाव, दुसऱ्यावर मेव्हण्याचं. निघण्यापूर्वी एजंटाने दोघांची जी कामाची चाचणी घेतली होती, तिचे हे नमुने. माझा हवालदार म्हणाला, “साहेब, भंगार आहे.” नावं आहेत म्हणून मी ते मुद्देमालाच्या यादीत घ्यायला लावले.

एजंट पन्नाशीचा, पांढरा सदरा, बोलण्यात पोलिसांबद्दल आदर. चौकशीत तो जराही घाबरला नाही.

“साहेब, मी मुलांना बाहेर जायला मदत करतो. समाजकार्य म्हणा हवं तर.”

“पत्रावर वेल्डर आणि करारात हेल्पर. हे समाजकार्य कसं?”

“करार त्यांना मुंबईत कतारच्या व्हिसा केंद्रात दाखवला. वाचता येतं दोघांना. बोटाचे ठसे त्यांनी दिले, मी नाय दिले.”

“आणि तुमची पत्रं?”

“ती त्यांनीच मागितली. गावात दाखवायला बरं दिसतं.” मग तो जरा पुढे वाकला. “तुम्ही त्यांनाच विचारा ना साहेब. फोन लावा. माझी काय हरकत नाय.”

आरोपी सहसा तपास अधिकाऱ्याला फसवल्या गेलेल्या माणसापासून लांब ठेवायला बघतो. हा मला त्याच्याकडे पाठवत होता.

फोन लावला. व्हिडिओ कॉलवर वेल्डर दिसला, निवासी छावणीतल्या खोलीत, मागे लोखंडी खाटा. मेव्हणा बाजूला बसला होता. मी ओळख दिली, अर्जाचा विषय सांगितला. वेल्डर म्हणाला, “साहेब, बायकोचा गैरसमज झाला. आमची काही तक्रार नाही. आम्ही खुशीने आलो.”

“वेल्डर म्हणून की हेल्पर म्हणून?”

“जे आहे ते ठीक आहे.”

मेव्हणा मान खाली घालून बसला होता. मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, “भावोजी म्हणतात तेच.”

आता प्रकरण अवघड झालं. ज्याची फसवणूक झाली तोच नाही म्हणत असेल, तर न्यायालयात काय उभं राहणार? उरलं असतं ते विनापरवाना भरतीचं कलम, आणि त्यातही एजंट म्हणाला असता की मी फक्त ओळख करून दिली. बायकोला ठाण्यात बोलावून हे सांगितलं. ती रडली नाही. “ते खोटं बोलतायत,” एवढंच म्हणाली. “कशासाठी ते मला माहीत नाय.”

तक्रार मागे घेणाऱ्या माणसाला आम्ही फार लवकर सोडून देतो. फाईल बंद करायला ते सोयीचं असतं. मीही त्या आठवड्यात जवळजवळ तेच केलं असतं. माझी रजा मंजूर झाली होती, टेबल आवरत होतो, मुद्देमालाची यादी सही करताना ते दोन तुकडे पुन्हा समोर आले. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंगचे एक जुने निदेशक होते. कसलाही ठाम विचार न करता मी तुकडे रीतसर नोंद करून त्यांच्याकडे नेले आणि इतकंच विचारलं, की हे काम वेल्डरचं आहे की शिकाऊ माणसाचं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला तुकडा खिडकीशी नेला. पाइपच्या आत डोकावले, कडेने बोट फिरवलं.

“झकास. हा माणूस मला मिळाला असता तर मी निवृत्त झालो असतो.”

“आणि दुसरा?”

दुसऱ्याला त्यांनी जास्त वेळ लावला. मग दोन्ही शेजारी ठेवले.

“दुसरा कुठला? दोन्ही त्याचेच आहेत.”

“नावं वेगळी आहेत.”

“नावं रंगाने लिहिलीत, साहेब. काम रॉडने केलंय. हे बघा, सुरुवात कुठून केली, रॉड कुठल्या अंगाने ओढला, थांबलाय कुठे. बाकीचे उलट जातात. हा डावरा आहे.” मग हसले. “वर्गात एक डावरा आला की मला सगळं आरशातल्यासारखं शिकवावं लागतं. त्यामुळे मी ते विसरत नाही.”

मी तिथूनच तक्रारदार बाईला फोन केला.

“तुमचे यजमान डावरे आहेत का?”

“हो. पंगतीत कडेला बसतात, शेजारच्याला कोपर लागतं म्हणून.”

“आणि भाऊ?”

“तो उजवा. का?”

कारण सांगितलं नाही. पण एजंट इतका निवांत का होता, ते कळलं. मेव्हण्याला हे काम येत नव्हतं. चाचणी दोघांची म्हणून वेल्डरने एकट्यानेच दिली होती आणि एजंटाने ती घडू दिली होती. दोन तुकडे त्याने मांडणीवर जपून ठेवले होते ते दोघांना गप्प ठेवण्यासाठी.

पोलीस अधीक्षकांना मी सर्व सांगितलं, आणि माझी रजा कतारचीच आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, “भेटा. पण जबाब घेऊ नका, कंपनीत जाऊ नका. तिथे तुम्हाला कसलाही अधिकार नाही.” स्टेशन डायरीत तशी नोंद करून मी निघालो.

मुलगी बिन महमूदमध्ये राहते. जावई दोहाच्याच वेस्ट बे भागातल्या एका कार्यालयात संगणक विभागात आहे. शुक्रवारी छावणीतून कामगारांसाठी बस सुटते. त्या बसने हे दोघे शहरात आले आणि मुलीच्या घराजवळच्या एका मल्याळी माणसाच्या उपाहारगृहात आम्ही भेटलो. जावयाने मला दारापर्यंत सोडलं.

“बाबा, फक्त चहा,” तो म्हणाला. “इथे कोणाला दरडावू नका.”

“तीस वर्षांत मी कोणाला दरडावलं?”

“आईला विचारू का?” असं म्हणून तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

वेल्डर चाळिशीकडे झुकलेला होता, हाताच्या पाठीवर ठिणग्यांचे जुने डाग. मेव्हणा चोविसेक वर्षांचा. दोघांनीही इस्त्रीचे शर्ट घातले होते. गणवेशातल्या अधिकाऱ्याला भेटायला माणूस असा तयार होऊन येतो. मी मात्र चपला आणि साधा शर्ट घालून बसलो होतो. त्यामुळे ते जरा गोंधळले.

मी आधीच सांगितलं की हा जबाब नाही, मी काही लिहून घेणार नाही, आणि त्यांना वाटेल तेव्हा ते उठून जाऊ शकतात. चहा आला. वेलची घातलेला, दाट, छोट्या ग्लासात. वेल्डरने ग्लास डाव्या हाताने उचलला.

“दोन्ही तुकडे तुमचे आहेत ना?” मी विचारलं.

त्याने ग्लास खाली ठेवला. मेव्हणाच आधी बोलला.

“भावोजी, खलास आता. सांगून टाका.”

“तू गप रे.”

“काय गप? पाच महिने गपच हाय मी. माझ्यापायी तुम्ही सिलिंडर धरून उभे राहता, आणि सगळी साइट मला विचारते, तुझा भावोजी वेल्डर हाय म्हणतोस, मग वेल्डिंगच्या टॉर्चला हात का लावत नाय? काय सांगू त्यांना?”

वेल्डर माझ्याकडे बघून म्हणाला, “ह्याला थोडंफार येतं साहेब. साधी प्लेट जोडतो. पाइपचं जमत नव्हतं. मी म्हटलं, तिथे माझ्याजवळ राहील, शिकेल. एजंट म्हणाला, एका हाताने दोन नमुने मारा, मला काय. आम्हाला वाटलं उपकारच केला.”

“करारावर हेल्पर लिहिलेलं वाचलं नव्हतं?”

“वाचलं. व्हिसा केंद्राच्या बाहेर येऊन त्याला फोन केला. तो म्हणाला, ते व्हिसाचं नाव असतं, पोस्ट आपल्या पत्रावरची. इकडे येणारे सगळे तेच सांगतात, साहेब. आमच्या गावचा एक जण ड्रायव्हरच्या व्हिसावर आला आणि दुकान सांभाळतो.”

इथे मला थांबावं लागलं. वर्षानुवर्षं आखातात जाणाऱ्या गावांत हा समज मी स्वतः ऐकलेला आहे. सरकारी केंद्रात आपल्याला कळेल अशा भाषेत समोर ठेवलेला करार हा सोपस्कार, आणि ओळखीच्या माणसाने दिलेलं पत्र हा खरा कागद. शिकलेली माणसंही असंच मानतात, कारण करार दाखवणारा अनोळखी असतो आणि पत्र देणारा आपल्या लग्नात जेवून गेलेला असतो.

“आल्यावर एजंटाला विचारलंत?”

“पहिल्याच आठवड्यात. तो म्हणाला, बोभाटा केलास तर नमुने कंपनीला पाठवतो. दोघंही खोटे ठराल, काळ्या यादीत जाल, पुन्हा कुठल्याच देशात वेल्डर म्हणून उभं करणार नायत. माझं कार्ड गेलं तर जाऊ दे साहेब. पण नाव गेलं तर मग काय राहिलं?”

मी त्याला जे खरं होतं तेच सांगितलं. चाचणीत दुसऱ्याच्या नावाने नमुना देणं चूकच आहे. ती मी झाकणार नाही आणि त्यानेही झाकू नये. पण ती चाचणी एजंटाच्या खासगी वर्कशॉपमधली होती. त्या नमुन्यांच्या जोरावर कंपनीने कोणाला वेल्डर म्हणून घेतलेलंच नव्हतं, कंपनीने हेल्पर मागितले आणि तिला हेल्पर मिळाले. एजंट ज्या गोष्टीची भीती घालत होता, ती उघड झाल्यावर सगळ्यात जास्त अडचणीत तोच येणार होता. कार्डाचं काय होईल हे मात्र मला सांगता येत नव्हतं.

“म्हणजे खात्री नाही,” वेल्डर म्हणाला.

“नाही.”

मेव्हण्याने माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला आणि मी नको म्हणत असताना पैसेही देऊन टाकले. बसची वेळ झाली तेव्हा वेल्डर उठला. “इन्शाल्ला म्हणतात इथे सगळ्याला,” तो म्हणाला, “बघू.” याचा अर्थ हो की नाही, हे मला कळलं नाही.

पुढचं मला जावयाच्या फोनवर आलेल्या निरोपावरून कळलं. रविवारी कामावर गेल्यावर वेल्डर स्वतःच साइटवरच्या वेल्डिंग तपासनिसाकडे गेला. जुनं कार्ड दाखवलं, एजंटाचं पत्र दाखवलं, आणि दोन नमुन्यांची गोष्टही सांगितली. तपासनीस फिलिपिनो होता. त्याने ऐकून घेतलं आणि वरिष्ठांना विचारतो म्हणाला. त्याच आठवड्यात दोघांनी तिथल्या कामगार खात्याकडे अर्ज दिला. त्यात हेल्परच्या करारावर आपण ठसे दिले हे आणि ते का दिले हे, दोन्ही लिहिलं. माझी रजा संपेपर्यंत कोणाचंच उत्तर आलं नव्हतं. चाचणी द्यायला मिळेल की दोघांना परत पाठवतील, हे वेल्डरला माहीत नव्हतं. सहा महिने पुरे व्हायला दहा दिवस उरले होते.

ठाण्यात रुजू झाल्याच्या दिवशीच मी त्याचा जबाब व्हिडिओद्वारे नोंदवायला घेतला. कायद्याने तशी मुभा आहे. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. या वेळी तो सरळ बोलला. एजंटाने काय सांगितलं, पत्र केव्हा दिलं, धमकी कोणत्या शब्दांत दिली, सगळं क्रमाने. शेवटी मी विचारलं, “मेव्हण्याच्या नावाचा नमुना तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून केला?”

“कोणाच्या नाही. माझ्या मर्जीने.”

“एजंटाने सुचवलं नाही?”

“त्याने नंतर मुभा दिली. विचार माझा होता. तसंच लिहा.”

तसंच लिहिलं, वाचून दाखवलं, त्याने बरोबर आहे म्हणून सांगितलं. मी बाहेर आलो. बायको उभी राहिली.

“बोलले का?”

“बोलले. चाचणीचंही सांगितलं.”

“कोणी करायला लावलं, तेही सांगितलं?”

“स्वतःच्या मर्जीने केलं म्हणाले.”

ती परत बाकावर बसली. मग म्हणाली, “ते माझं नाव घेणार नायत. मी सांगितलं होतं. माझ्या भावाला मागे ठेवून जायचं असेल तर तुम्ही पण जाऊ नका, असं. ते नको म्हणत होते. आठ दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाय.”

“हे सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.”

“माहीत हाय. अर्ज लिहिताना मला वाटलं, चाचणीचा आणि ह्याचा काय संबंध. आता कळतं. लिहून घ्या साहेब. नाहीतर तिकडे ते एकटेच खोटे ठरतील.”

तिचा पुरवणी जबाब मी स्वतःच्या अक्षरात लिहिला. तपासाच्या दृष्टीने त्याची फार गरज नव्हती. गुन्ह्याचा रोख एजंटावर होता आणि नवऱ्याचा जबाब पुरेसा होता. पण काही जबाब न्यायालयासाठी नसतात. तो तिला वाचून दाखवला, तेव्हा तिने त्याची प्रत मागितली, नवऱ्याला पाठवायला. नियमात बसत नव्हतं. मी तिला सांगितलं की प्रत देता येणार नाही, पण तुम्ही जे सांगितलंत ते त्यांना फोनवर सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. तिने ठाण्याच्या आवारातच फोन लावला. मी आत आलो.

कंपनीने दोघांची चाचणी ठेवली, मुदतीला तीन दिवस असताना. मेव्हण्याने ती दिली नाही. “मी हेल्परच बरा,” असं त्याने तपासनिसाला सांगितलं, “निदान नाव माझं हाय.” वेल्डर पास झाला. हुद्दा बदलायला आणि नवा करार व्हायला आणखी काही आठवडे गेले, पण काम त्याने लगेच सुरू केलं. मेव्हणा त्याच्याच जोडीला आहे असं नंतर कळलं. एजंटावर दोषारोपपत्र गेलं. आमचा गुन्हा गाजल्यावर त्याच्याकडून गेलेली आणखी काही कुटुंबं पुढे आली, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाची एक छोटी चूक त्याने अशीच जपून ठेवली होती. कोणाचा वाढवलेला अनुभव, कोणाचं बदललेलं वय.

मी आता वर्षातले काही महिने दोहाला मुलीकडे असतो. ओळखीतली मुलं करार दाखवायला घेऊन येतात. हुद्दा, पगार, तास, सगळं पत्राशी ताडून बघा, फरक असेल तर ठसा देऊ नका, हे मी सांगतो आणि ते सांगायलाच हवं. पण त्याच्या आधी मी एक प्रश्न विचारतो. तुम्ही काय लपवलं आहे? बहुतेक जण हसतात. एखादा हसत नाही. त्याला मी चहा पाजतो आणि वाट बघतो. फसवणाऱ्याच्या हाती सापडलेली बहुतेक माणसं प्रामाणिक असतात. एका चुकीच्या लाजेने ती गप्प बसतात, आणि त्या चुकीमागे बहुतेक वेळा घरातल्याच कोणाची तरी माया असते. पोलीस असताना हे ओळखायला मला तीस वर्षं लागली.